अनोळखी फोल्डरांतल्या फाइली: शोधायच्या कशा, आणि कॉपी करताना हरवू कशा द्यायच्या नाहीत

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. एक जुनी हार्ड डिस्क आहे. तिच्यात आपल्याला हव्या असलेल्या फाइली आहेत, पण कुठल्या फोल्डरात, आणि त्याच्या आतल्या कुठल्या फोल्डरात, हे कोणालाच ठाऊक नाही. त्या सगळ्या शोधून सुरक्षित जागी आणायच्या. शोधा, निवडा, कॉपी, पेस्ट. यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे?

आहे. कारण या कामात लोक फाइली गमावतात आणि गमावल्याचं त्यांना महिनोन्‌महिने कळत नाही. डिस्क बिघडली की निदान आवाज तरी येतो. इथे संगणक 'कॉपी पूर्ण झाली' असं सांगतो, पडद्यावर एकही चूक दिसत नाही, आणि तरी दहातल्या नऊ फाइली गेलेल्या असतात. हे कसं होतं आणि कसं टाळायचं, हे आज बघू.

एक सूचना आधीच. व्याख्यानात पडद्यावर दाखवलेल्या कमांड रोमन अक्षरांत होत्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत उतरवल्या आहेत. तुम्ही टाइप कराल तेव्हा अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातलं एक डीटीपी केंद्र आहे. २००० सालच्या आसपास सुरू झालेलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल, आणि दर वर्षी गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक. अंक पेजमेकरमध्ये जुळवायचा, चित्रं कोरलड्रॉमध्ये, फोटो स्कॅन करून टिफ स्वरूपात. आता केंद्र बंद होतंय, संगणक भंगारात जाणार आहे. वाचनालयाकडच्या छापील अंकांपैकी काहींना वाळवी लागली, काही कोणी नेले ते परत आलेच नाहीत. म्हणजे दहा वर्षांच्या अंकांचं जे काही उरलंय ते या एका डिस्कवर. ती डिस्क लावणारा ऑपरेटर केव्हाच पुण्याला नोकरीला गेला.

डिस्क उघडली की काय दिसतं? आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या संगणकावर दिसतं तेच. सी, डी, ई, एफ असे चार भाग. डीमध्ये 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (२)', 'अर्जंट', 'फायनल', 'फायनल फायनल', आणि कोणा गिऱ्हाइकाच्या आडनावाचा एक फोल्डर ज्याच्या आत भलत्याच माणसाची पत्रिका. कुठे तरी आत 'दिवाळी', त्यात '०३', '०४', '०५'. एका वर्षाचा अंक मात्र 'न्यू फोल्डर (७)' मध्ये, कारण त्या वर्षी घाई होती. आणि प्रत्येक वर्षाच्या फोल्डरात सोळा-सोळा पानांची एक अशा आठ फाइली. त्यांची नावं काय? 'पेज१', 'पेज२', 'पेज३'... 'पेज८'. दर वर्षी तीच.

आपली खरी अडचण ही इथे आहे. दहा वर्षं, दर वर्षी आठ फाइली, म्हणजे ऐंशी. पण नावं फक्त आठ.

आता कोणी उत्साही कार्यकर्ता येतो, शोधपेटीत 'स्टार डॉट पी६५' लिहितो. पी६५ म्हणजे पेजमेकर ६.५ च्या फाइलींचं एक्स्टेन्शन; ७.० मध्ये ते पीएमडी झालं. ऐंशी फाइली एका खाली एक दिसतात. कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, पेनड्राइव्हवर एक फोल्डर, कंट्रोल-व्ही. विंडोज विचारतं, त्याच नावाच्या फाइली आहेत, बदलू का? आपला कार्यकर्ता म्हणतो, 'हो, बदल'. अशा वेळी आपण सगळेच 'हो' म्हणतो. पेनड्राइव्हवर आठ फाइली राहतात. त्या कुठल्या वर्षाच्या, हे कोणती शेवटी लिहिली गेली यावर. संगणक भंगारवाल्याकडे जातो.

विंडोजने इथे निदान विचारलं तरी. इंटरनेटवर जे उपाय सुचवले जातात त्यातले बरेचसे विचारतही नाहीत. 'फॉर /आर' वापरून प्रत्येक फाइल 'कॉपी' कमांडला द्यायची, हा जुना उपाय आहे. कमांडच्या खिडकीत हाताने टाइप केलं तर 'कॉपी' ही कमांड बदलण्याआधी विचारते. तीच ओळ बॅच फाइलमध्ये घालून चालवली तर ती गप्प बसून जुन्यावर नवी लिहिते. पॉवरशेलमध्ये 'गेट-चाइल्डआयटम' ला '-रिकर्स' जोडून त्याचं उत्तर 'कॉपी-आयटम' ला दिलं, तर तेही न विचारता लिहिणार. लिनक्सवर 'फाइंड' ने एकेक फाइल 'सीपी' ला दिली तरी तेच. म्हणजे या सगळ्या कमांड निर्दोष आहेत. आपण सांगितलेलं काम त्या चोख करतात. आपण त्यांना ऐंशी वस्तू आठ खणांत ठेवायला सांगितलं, एवढंच.

याच्या मुळाशी जायचं तर थोडा इतिहास बघावा लागेल, पण लांबवत नाही. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर ही झाडासारखी रचना मल्टिक्स नावाच्या संगणकप्रणालीसाठी मांडली गेली, १९६५ साली. त्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं अनेक संगणकांवर सगळ्या फाइली एकाच सपाट यादीत असत. १९८१ च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये आतले फोल्डर नव्हतेच. ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशची गंमत तर वेगळीच. त्यात पडद्यावर फोल्डर दिसायचे, पण फ्लॉपीवर प्रत्यक्षात एकच सपाट यादी होती. त्यामुळे दोन फाइली वेगवेगळ्या फोल्डरांत दिसत असल्या तरी एका फ्लॉपीवर त्यांना एकच नाव देता येत नसे. पुढच्याच वर्षी त्यांनी खरी झाडासारखी रचना आणली.

या रचनेनं आपल्याला एक मोठी सोय दिली. एकच नाव कितीही वेळा वापरा, फोल्डर वेगळा असला म्हणजे झालं. गावात दहा 'तुकाराम पाटील' असले तरी पोस्टमन गोंधळत नाही, कारण पाकिटावर नुसतं नाव नसतं, आळी आणि घर असतं. फाइलचंही तसंच आहे. 'पेज१' हे फाइलचं पूर्ण नाव नव्हे. 'डी:\दिवाळी\०३\पेज१.पी६५' हे पूर्ण नाव. त्यातला '०३' हा तुकडा फाइलच्या आत कुठेही लिहिलेला नसेल. हा २००३ चा अंक आहे ही माहिती फक्त पत्त्यात आहे. सगळं 'एका ठिकाणी' आणताना आपण तो पत्ता फाडून टाकतो, आणि १९८४ च्या फ्लॉपीवर परत जातो.

म्हणून आमचा पहिला आग्रह असा: फाइली त्यांच्या पत्त्यासकट हलवा. आणि जमत असेल तर शोधून कॉपी करू नका, आधी सगळं कॉपी करा आणि मग निवांत शोधा. २००० च्या दशकातल्या घरगुती डिस्क बहुतेक ४० किंवा ८० जीबीच्या. आज १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती अख्खी मावते. कशाला निवडत बसायचं? निवड करायला वेळ जातो, चुका होतात, आणि म्हातारी डिस्क तेवढा वेळ फिरत राहते. मात्र जेव्हा डिस्क मोठी असते, किंवा तिच्यावर इतरांच्या खासगी गोष्टी असतात ज्या आपण उचलू नयेत, तेव्हा निवडावं लागतं. या केंद्राच्या डिस्कवर गावातल्या लोकांची कागदपत्रं स्कॅन केलेली असणारच. वाचनालयानं ती घरी नेणं योग्य नव्हे.

तर निवडायचंच आहे असं धरू. डिस्क जुन्या संगणकातून काढून, यूएसबी अडॅप्टर वापरून नव्या संगणकाला जोडा. अडॅप्टर घेताना डिस्कची जोडणी बघून घ्या. त्या काळातल्या पुष्कळ डिस्कना रुंद पट्टीची आयडीई जोडणी असते, नंतरच्यांना साटा. जोडल्यावर विंडोज 'डिस्क दुरुस्त करू का' विचारेल. नाही म्हणा. दुरुस्तीमध्ये डिस्कवर लिहिलं जातं, आणि कॉपी होईपर्यंत या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. कडकड आवाज येत असेल तर थांबा, ते जाणकाराचं काम आहे.

नव्या संगणकाला जोडल्यावर जुन्या भागांची अक्षरं बदलतील, सीचं जी होईल, डीचं एच. गोंधळ होऊ नये म्हणून या व्याख्यानात आम्ही जुनीच अक्षरं वापरतो आहोत.

यानंतर फाइली न हलवता नुसती यादी करायची, आणि ही पायरी बहुतेक लोक गाळतात. विंडोजचं नेहमीचं शोधयंत्र इथे फारसं भरवशाचं नाही. ते आधी बनवून ठेवलेल्या सूचीवर चालतं आणि त्या सूचीत सहसा तुमचे स्वतःचे फोल्डर असतात, बाहेरून जोडलेली डिस्क नाही. मग ते रांगत रांगत शोधतं. (एक्सपीमध्ये शोधताना कोपऱ्यात एक कुत्रा बसलेला असायचा, आठवतोय? वेग साधारण त्याच्याच चालीचा.) त्याऐवजी कमांडची काळी खिडकी उघडा आणि लिहा: 'डीआयआर डी:\*.पी६५ /एस /बी /ए-डी'. यातल्या '/एस' चा अर्थ आतल्या सगळ्या फोल्डरांत जा, कितीही खोल. '/बी' म्हणजे बाकी सजावट नको, पूर्ण पत्ता एका ओळीत एक. '/ए-डी' म्हणजे लपवलेल्या फाइलीही दाखव, फक्त फोल्डर वगळ. हे '/ए' विसरलं तर लपवलेल्या फाइली यादीत येतच नाहीत. पुढे '>' हे चिन्ह आणि एका टेक्स्ट फाइलचं नाव दिलं की यादी त्या फाइलमध्ये जाते. फाइल अर्थातच नव्या संगणकावरची.

मराठी नावांसाठी इथे एक काळजी घ्यावी लागते. यादी फाइलमध्ये पाठवली की देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. आधी 'सीएचसीपी ६५००१' ही कमांड द्या, म्हणजे खिडकी युनिकोडमध्ये बोलायला लागते.

यादी हातात आली की ती वाचा. खरोखर, डोळ्यांनी वाचा. एक्सेलमध्ये उघडून फाइलनावाप्रमाणे लावली की एकच नाव किती वेळा येतं ते लगेच कळतं. वाचनालयाच्या कार्यकर्त्यानं एवढंच केलं असतं तरी 'पेज१' दहा वेळा दिसलं असतं.

यादीत काय नाही तेही बघायचं. आमचा अनुभव असा की लोक डी, ई, एफ धुंडाळतात आणि सीकडे 'ते विंडोजचं आहे' म्हणून बघत नाहीत. पण ऑपरेटर काम कुठे ठेवतो? डेस्कटॉपवर. आणि डेस्कटॉप सीमध्ये असतो: एक्सपीमध्ये 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' च्या आत वापरकर्त्याच्या नावाखाली, व्हिस्टापासून पुढे 'यूजर्स' च्या आत. तिथे जाताना 'परवानगी नाही' असा निरोप आला तर घाबरू नका. ते फोल्डर जुन्या संगणकावरच्या दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावावर असतात. प्रशासकाचे अधिकार वापरून आत जाता येतं.

आता नावांचा मुद्दा. शोधायचं तर नाव माहीत हवं, आणि मराठी नावाला एक खास खोड आहे. 'दुसऱ्या वर्षाचे हिशेब' अशी फाइल आहे. तुम्ही शोधपेटीत 'दुसऱ्या' टाइप करता, समोर दिसत असलेली फाइल सापडत नाही. कारण त्यातला ऱ. युनिकोडमध्ये हा ऱ एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता असा दोन तुकड्यांतही. शिवाय 'ऱ्या' हा आकार र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही मिळतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. विंडोजच्या फाइलव्यवस्थेला मात्र ही तीन निरनिराळी नावं आहेत, आणि ती तिन्ही एकाच फोल्डरात शेजारी शेजारी सुखानं नांदू शकतात. कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर कोणतं रूप उमटेल ते ठरतं. यावर आमचा साधा तोडगा असा की ऱ टाळून शोधायचं: '*दुस*हिशेब*'. पूर्ण शब्दापेक्षा खात्रीचा तुकडा बरा.

आतला मजकूर शोधण्याची आशाही फार ठेवू नका. त्या काळातला मराठी मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फाँटांत आहे. तिथे पडद्यावर 'दिवाळी' दिसतं, पण फाइलीत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक अंक असतात. युनिकोडमधलं 'दिवाळी' शोधलं तर काही सापडणार नाही, आणि माणूस समजतो की फाइलच नाही.

यावरून पुढची गोष्ट येते, आणि ती आमच्या मते नावांच्या गोंधळाइतकीच गंभीर आहे. पेजमेकरची फाइल एकटी नसते. तिच्यातले मोठे फोटो बऱ्याचदा तिच्या आत नसतातच. फाइलमध्ये फक्त त्या टिफचा दुवा आणि एक धूसर झलक असते. अक्षरं दिसायला तो फाँट लागतो. आपण एक्स्टेन्शन बघून फक्त पी६५ उचलल्या, तर ऐंशीच्या ऐंशी फाइली सुखरूप येतील आणि उघडल्यावर फोटोच्या जागी ठोकळे, मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं. म्हणून एक्स्टेन्शनचा उपयोग *जागा शोधायला* करायचा, उचलायचा मात्र तो फोल्डर अख्खा. '०३' मध्ये पी६५ सापडली ना? मग '०३' पूर्ण घ्या, त्यातल्या टिफ, सीडीआर, आणि कोणी ठेवली असेल तर मुखपृष्ठाच्या चहाचे डाग पडलेल्या कच्च्या चित्राची स्कॅनसुद्धा. फाँट सीमधल्या 'विंडोज\फाँट्स' मध्ये असतात. तोही फोल्डर घ्या.

आता प्रत्यक्ष उचलणं. विंडोजमध्ये यासाठी आम्ही रोबोकॉपी वापरायला सांगतो. व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच येते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. रोबोकॉपीला क्रमानं तीन गोष्टी सांगायच्या: कुठून, कुठे, कोणत्या फाइली. उदाहरणार्थ: 'रोबोकॉपी डी:\ ई:\जुनाडी *.पी६५ *.पीएमडी *.टिफ *.सीडीआर /एस /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१ /एल'. इथली ई म्हणजे आपली पेनड्राइव्ह. फाइलींचा नमुना 'कुठून' ला चिकटवून 'डी:\*.पी६५' असा लिहायचा नाही. तो तिसऱ्या जागी, सुटा. हे चुकलं की रोबोकॉपी त्या नावाचा फोल्डर शोधत बसते.

'/एस' मुळे ती आतल्या सगळ्या फोल्डरांत जाते आणि, मुख्य म्हणजे, तेच फोल्डर पलीकडे तसेच उभे करते. दिवाळी, त्यात ०३, त्यात पेज१. ज्या फोल्डरांत काही जुळलं नाही ते ती बनवत नाही. नावांची टक्कर होण्याचा प्रश्नच राहत नाही. '/एक्सजे' कशाला? व्हिस्टानंतरच्या विंडोजमध्ये काही फोल्डर नुसते आरसे असतात, दुसरीकडे बोट दाखवणारे. त्यातून आत गेलं की पुन्हा तिथेच यायचं असा चक्रव्यूह तयार होऊ शकतो. ही सूचना त्यांना वगळते.

'/आर' आणि '/डब्ल्यू' विसरू नका, विशेषतः जुन्या डिस्कवर. एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी पुन्हा प्रयत्न करते, हे ठीक. पण किती वेळा? काही न सांगितल्यास १० लाख वेळा, आणि दर प्रयत्नामध्ये ३० सेकंदांची विश्रांती. हिशेब तुम्हीच करा. जवळजवळ साडेअकरा महिने होतात, एका फाइलीसाठी! ज्यांनी हे ठरवलं ते नेटवर्कवरून चालणाऱ्या मोठ्या कामांचा विचार करत असणार. आपल्याला एक प्रयत्न, एक सेकंद पुरे. न आलेल्या फाइली नंतर वेगळ्या बघता येतात.

शेवटचं '/एल' सगळ्यात मोलाचं. ते लिहिलं की रोबोकॉपी प्रत्यक्ष काहीच हलवत नाही, नुसतं काय करणार आहे ते सांगते. ते वाचा, पटलं तर '/एल' काढून पुन्हा चालवा. नोंद फाइलमध्ये हवी असेल तर '/लॉग' ऐवजी '/युनिलॉग' वापरा, म्हणजे मराठी नावं शाबूत राहतील.

एक सूचना मात्र चुकूनही वापरू नका: '/एमआयआर'. ती कुठे कुठे सुचवलेली दिसते. तिचं काम दोन जागा हुबेहूब एकसारख्या करणं हे आहे, म्हणजे जिथे टाकायचं तिथे आधीपासून असलेल्या इतर फाइली ती पुसून टाकते. पेनड्राइव्हवर आधीच कोणाचे लग्नाचे फोटो असतील तर ते गेले.

आणखी एक गंमत, जिच्यामुळे लोक घाबरून फोन करतात. अख्ख्या ड्राइव्हच्या मुळापासून कॉपी केली की पलीकडचा फोल्डर अदृश्य होऊ शकतो. कॉपी झाली म्हणते, जागा भरलेली दिसते, आणि फोल्डर नाही! झालेलं एवढंच असतं की ड्राइव्हच्या मुळाला असलेला 'लपवलेला' हा शिक्का त्या फोल्डरालाही लागतो. 'अ‍ॅट्रिब -एस -एच ई:\जुनाडी' म्हटलं की तो समोर येतो.

खूप खोल फोल्डरांची अडचणही रोबोकॉपीनं सुटते. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याला वर्षानुवर्षं २६० अक्षरांची मर्यादा होती, आणि 'बॅकअप' मध्ये 'जुना बॅकअप', त्यात 'जुन्या पीसीचा बॅकअप' असं होत होत ती सहज ओलांडली जाते. नेहमीच्या खिडकीतून अशा फाइली कॉपी होत नाहीत. रोबोकॉपी त्या उचलते.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. 'फाइंड' ला '-नेम' ऐवजी '-आयनेम' द्या, कारण तिथे मोठी आणि लहान रोमन अक्षरं वेगळी धरली जातात आणि त्या काळातल्या फाइलींची नावं अनेकदा पूर्ण मोठ्या लिपीत आहेत. कॉपी करताना 'सीपी' ला '--पेरेंट्स' जोडा. पत्ता तसाच उभा राहतो. नावांत मोकळ्या जागा असतात, म्हणून 'फाइंड' ची यादी 'एक्सआर्ग्ज' ला देणार असाल तर एका बाजूला '-प्रिंट०' आणि दुसऱ्या बाजूला '-०' हवंच. नाहीतर 'न्यू फोल्डर' चे दोन तुकडे होतात, 'न्यू' आणि 'फोल्डर', आणि दोन्ही सापडत नाहीत.

सगळं सपाट एका फोल्डरात हवंच असेल तर? कधी कधी हवं असतं. स्टुडिओत फोटो छापायला देताना त्यांना दहा फोल्डर नको असतात. मग पत्ताच नावात घाला: 'दिवाळी_०३_पेज१.पी६५'. पॉवरशेलमध्ये पूर्ण पत्त्यातल्या तिरक्या रेघांच्या जागी अधोरेषा आणि ड्राइव्हपुढच्या विसर्गचिन्हाच्या जागी काहीच नाही, असं नवं नाव करून कॉपी करता येते. पण ही दुसरी प्रत. पहिली प्रत पत्त्यासकटच हवी.

आता पडताळणी. रोबोकॉपी शेवटी एक छोटा तक्ता दाखवते: एकूण किती, कॉपी किती, वगळल्या किती, आणि 'फेल्ड' म्हणजे न जमलेल्या किती. हा शेवटचा आकडा शून्य हवा. मग तीच कमांड पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी कॉपी झालेल्यांचा आकडा शून्य आला पाहिजे, कारण सगळं आधीच पोचलेलं आहे. पेनड्राइव्ह फॅट पद्धतीची असेल तर ती वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदवते, आणि त्यामुळे रोबोकॉपीला फाइली बदलल्यासारख्या वाटू शकतात. '/एफएफटी' दिलं की ती तेवढा फरक पोटात घालते. नंतर सुरुवातीच्या यादीशी संख्या ताडून बघा. आणि दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडा, निरनिराळ्या वर्षांच्या. रोबोकॉपी आकार आणि वेळ बघते, आतला मजकूर नाही. एखाद्या महत्त्वाच्या फाइलीबद्दल पक्की खात्री हवी असेल तर दोन्हीकडच्या प्रतींवर 'सर्टयुटिल -हॅशफाइल' चालवा आणि पुढे 'एसएचए२५६' लिहा. मिळणारी लांबलचक खूण दोन्हीकडे एकच असेल तर मजकूर तंतोतंत एकच आहे. 'फायनल' आणि 'फायनल फायनल' यांत खरंच फरक आहे का, हेही असंच कळतं.

दुसरी प्रत दुसऱ्या जागी झाल्याशिवाय जुना संगणक भंगारात देऊ नका. आणि देताना डिस्क काढून ठेवा, तिच्यावर गावाची कागदपत्रं आहेत.

वेळ थोडा आहे, पण श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न घेऊ, कारण तो घरोघरचा आहे. 'आई आणि बाबांच्या दोन्ही फोनमधले व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो लॅपटॉपवर एकाच फोल्डरात घेतले. "त्याच नावाच्या फाइली आहेत" असं आलं. फोटो तेच असतील असं समजून वगळल्या. बरोबर ना?'

नाही. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅप फोटोला नाव देतं ते असं: आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडी क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक फोन आपापला मोजतो. म्हणजे १५ ऑगस्टला आईच्या फोनवर आलेला चौथा फोटो आणि बाबांच्या फोनवर आलेला चौथा फोटो यांचं नाव एकच, फोटो मात्र वेगळे. आईचा तिच्या माहेरच्या गटातला असेल, बाबांचा कार्यालयातल्या झेंडावंदनाचा. कॅमेऱ्यांचंही असंच आहे. त्यांचा क्रमांक ०००१ ते ९९९९ एवढाच चालतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून, म्हणून ते १०० पासून पुढचे निरनिराळे फोल्डर करतात. तुमच्या वगळलेल्या फाइली मूळ फोनवर अजून असतील, फोन रिकामा केला नसेल तर. लॅपटॉपवर 'आई' आणि 'बाबा' असे दोन फोल्डर करा आणि बाबांच्या फोनमधून पुन्हा सगळे घ्या. फोनमध्ये ते 'अँड्रॉइड' फोल्डरात, त्यातल्या 'मीडिया' मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डराच्या आत असतात. आणि तिथे 'सेंट' नावाचा आणखी एक फोल्डर असतो, पाठवलेल्या फोटोंचा. तो बहुतेक जण विसरतात.